वाढीव पट्टी

बेंगळूर
४ फेब्रुवारी १९७४

ती. आण्णांना गिरिजाचा शरणु.

बातमी आधी सांगते, खुशाली मागून. विमानांच्या संशोधन केंद्रातून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. जागा एकच, डिझाइन विभागातली. तारीख चौदा मार्च. नुसते प्रश्न विचारून सोडणार नाहीत. प्रत्येकानं आपल्या एका कामावर निवड मंडळापुढं वीस मिनिटं बोलायचं, तक्ते लावायचे आणि जमलं तर वस्तूही दाखवायची.

माझं काम तुम्हाला मी मे महिन्यात अंगणात खडूनं काढून दाखवलं होतं. विमानाच्या पंखात आडवी तुळई असते, तिच्यावर झडप टांगणारा कंस, म्हणजे ब्रॅकेट. जुन्या कंसाच्या जवळजवळ निम्म्या वजनात तेवढाच भार घेईल असा मी कागदावर बसवला आहे. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपात मोडीत निघालेल्या विमानाच्या तुळईचा खरा तुकडा पडून आहे. तो त्या दिवशी सकाळी थेट मुलाखतीच्या खोलीत पोचवू म्हणतात. बोलणं संपवताना मी त्यावर माझा कंस ठेवला आणि चारही बोल्ट आत सरकले, की वेगळा समारोप नकोच.

पण कंस करणार कोण? इथल्या सुताराला वेळ नाही. आण्णा, तुम्ही लाकडात करून द्याल? ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. विमान जुनं, म्हणून मापं इंचातच आहेत. दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर बरोबर एक फूट. इथली हवा कोरडी आहे, तेव्हा लाकूड चांगलं वाळलेलं घ्याल ना? आणि वॉर्निश जाड झालं तर भोकं बुजतील, असं आपलं मला वाटतं.

वैनींना सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली. भीतीनं फार खाते आहे.

तुमची
गिरिजा


कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९७४

चि. गिरिजा हिला आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं आणि तुझ्या वैनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे आपली गिरिजा इमान करणार?" मी म्हटलं, "इमान न्हाय, इमानातला कंस." त्यावर ती म्हणते, "तेच की!" तेव्हापासून गल्लीत तू सबंध विमान करते आहेस. मी दुरुस्ती करायचं सोडलं.

आता मुद्द्याचं. लाकूड वाळलेलं घ्या, वॉर्निश पातळ लावा, असं तू मला लिहितेस. बाई, उद्यमनगरातल्या निम्म्या ऑइल इंजिनांची हेडं ज्याच्या लाकडी पॅटर्नवरून ओतली गेली, त्याला लाकूड शिकवू नकोस. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. आप्पा गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस आणि माझ्या हातात पटाशी आली. मला कुणी वस्ताद नव्हता. मोडके पॅटर्न उकलून आणि इंग्रजी पुस्तकाला डिक्शनरी लावून मी शिकलो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी आमची पट्टीच मुळात वाढीव आखलेली असते, हे मला पुस्तकानं सांगितलं. तुला मात्र मी सांगितलं. सहा वर्षांची असताना तू दारात येईल त्या पावण्याला धरून सांगायचीस, "आमच्या आण्णांची पट्टी खोटी हाय!" लोक हसायचे आणि मला भूषण वाटायचं.

तेव्हा कंसाची काळजी सोड. शिवणीची एक फळी मी आठ वर्षं सांभाळली आहे. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. आता कळलं.

त्याच्या बदल्यात मला एकच गोष्ट हवी. ते लोक वस्तू हातात घेतील. हातात घेतली की विचारतीलच, ही कुणी केली? तेव्हा पूर्ण नाव सांगायचं. रुद्राप्पा शिवलिंग हुक्केरी, पॅटर्नमेकर, कोल्हापूर. "माझे भाऊ" हे मागून सांग, नाव आधी. शिकलेल्या माणसांच्या एका खोलीत माझं नाव एकदा उच्चारलं जावं, एवढीच इच्छा आहे. कबूल असेल तर लिही.

वैनी चटणी पाठवते आहे. जिरे जास्त आहेत, बोलू नकोस.

आण्णा


बेंगळूर
२० फेब्रुवारी १९७४

ती. आण्णांना शरणु.

चुकले. लाकडाबद्दल पुन्हा काही लिहिणार नाही. कान धरला आहे. वसतिगृहातल्या मुली विचारताहेत, काय झालं म्हणून.

तक्ते चार केले. पहिल्यावर जुना कंस, दुसऱ्यावर भार कुठून कुठं जातो ते, तिसऱ्यावर माझा कंस, चौथ्यावर वजनाचा हिशेब. सांगलीला इंजिनियरिंगला जाताना तुम्ही तुमची स्टीलची सरळ पट्टी माझ्या पेटीत घातली होती, तिनंच सगळ्या रेघा मारल्या. एक कोपरा तुमच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेला आहे, तिथंच माझाही अंगठा बसतो.

रोज जेवणानंतर मुलींसमोर बोलून पाहते. पहिल्या दिवशी सव्वीस मिनिटं झाली आणि शेवटी दोघी झोपल्या होत्या. आता वीसमध्ये बसतं. एक मंगळूरची मुलगी मुद्दाम वाकडे प्रश्न विचारते. काल म्हणाली, "एवढं वजन वाचवून त्या जागी काय ठेवणार?" मला उत्तर सुचलं नाही. वैनी असत्या तर म्हणाल्या असत्या, चटणी.

तुमची अट कबूल. त्यांनी विचारलं की पूर्ण नाव, आधी नाव, मागून भाऊ. वचन.

गिरिजा


कोल्हापूर
६ मार्च १९७४

चि. गिरिजा,

कंस झाला. ईरप्पामामा कागलच्या घरी जत्रेला आला आहे. तो त्याच केंद्रात शिपाई आहे, ही बसवेश्वराचीच कृपा. परत जाताना तो पेटी तुझ्या हातात देईल. त्याला बजावलं आहे, पेटीवर बसायचं नाही. तो म्हणाला, "मी कशाला बसू? मोटारीत जागा न्हाय मिळाली तर बघू." तेव्हा पेटीवर "काच" असं लिहिलं आहे.

काम कसं झालं ते मी सांगू नये. कडा गुण्या लावून तपासल्या, प्रकाश कुठून दिसत नाही. भोकांच्या आत बोट घालून बघ, रेशमासारखं लागेल. तळाला माझी अक्षरं कोरली आहेत, रु. शि. हु., तांदळाच्या दाण्याएवढी. पॅटर्नवर मी कधी नाव घातलं नाही, कारण पॅटर्न ओतशाळेच्या मालकाचा असतो. हा माझा आहे.

आता तुझ्या बोलण्याबद्दल. प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नकोस, एक श्वास घे. येत नसेल तर येत नाही म्हण. तक्त्याला पाठ लावून उभी राहू नकोस. साडी इस्त्रीची नेस, पण नवी नको. नव्या साडीत माणूस साडीकडे बघतो.

आणि एक. तुझ्या मागच्या पत्रात शेवटच्या पानावर एक अख्खी ओळ तू काळी करून टाकली आहेस. मी उजेडासमोर धरलं, तरी वाचता आली नाही. खाडाखोड असलेलं पत्र पाठवू नये, पुन्हा लिहावं. हिशेबाच्या माणसानं एवढी शिस्त पाळलीच पाहिजे.

जा. तुझ्या पाठीशी मी आहेच. पेटीतही आहे.

आण्णा


बेंगळूर
१६ मार्च १९७४

ती. आण्णांना शरणु.

मुलाखत झाली. वेळेत बोलले. तक्ते पडले नाहीत. मामा मुलाखतीच्या सकाळी फाटकाशी भेटले, मोटार रात्रभर वाटेत बंद पडली होती म्हणे. पेटी सुखरूप होती.

कंस मंडळातल्या सगळ्यांनी हातात घेतला. एका वृद्ध गृहस्थांनी तर पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. लाकडावरचा असा हात आपण पाहिला नाही, असं ते म्हणाले.

निकाल टपालानं कळवतील. थकले आहे. जास्त लिहीत नाही.

गिरिजा


कोल्हापूर
२३ मार्च १९७४

चि. गिरिजा,

पुन्हा पुन्हा पाहिला! हे वाक्य मी ओतशाळेत, न्हाव्याकडे आणि बाळासो काचवाल्याच्या दुकानात सांगितलं. बाळासो म्हणाला, "आण्णा, आता तुम्ही खाली बघून चालणार न्हाई." मी म्हटलं, "मी आधीबी कुठं बघत होतो?"

पण तुझं पत्र अर्धवट आहे. चारही बोल्ट सरकले का? कोणत्या क्रमानं घातलेस? आणि नाव विचारलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं की नुसतं ऐकलं? सविस्तर लिही. थकवा आता उतरला असेल.

आण्णा


बेंगळूर
१० एप्रिल १९७४

ती. आण्णांना शरणु.

निकाल आला. माझं नाव नाही. मुंबईच्या एका मुलाला घेतलं.

काही प्रश्नांची उत्तरं मला नीट देता आली नाहीत. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्ही विचारलेलं मागून कधीतरी लिहीन.

वैनींनी रडू नये म्हणावं.

गिरिजा


कोल्हापूर
२ मे १९७४

गिरिजा,

ईरप्पामामा भाचीच्या लग्नाला आला होता. जाता जाता माझ्या शेडवर आला. शेडवर तेव्हा ओतशाळेचे दोघे, बाळासो आणि गुंडू मोल्डर असे बसले होते. मीच त्याला म्हणालो, "मामा, सांग की यांना, आमच्या कंसाचं काय झालं ते." मला ऐकायचं होतं, आणि त्यांना ऐकवायचं होतं.

तो म्हणाला, "मी चहा घिऊन आत गेलतो. म्हाताऱ्या सायबाच्या हातात त्यो कंस. त्यानं इचारलं, कुणी केला ह्यो? एवढं इंग्रजी मला कळतंय की. पोरगी म्हणाली, मी."

गुंडू म्हणाला, "तुला नीट ऐकू आलं नसंल मामा." तो म्हणाला, "दोनदा इचारलं. दोनदा म्हणाली, मी. आय, आय." आणि त्यानं छातीवर बोट ठेवून दाखवलं.

बाळासो उठला आणि काचा राहिल्यात म्हणून गेला. त्याला काचा राहिल्या नव्हत्या.

नोकरी गेली त्याचं मला दुःख आहे, पण ते वेगळं. मी तुझ्याकडे पगार मागितला नव्हता, साडी मागितली नव्हती. खोलीत नाव मागितलं होतं, आणि तू वचन दिलं होतंस. शिकलेल्यांसमोर सातवी पास भावाचं नाव घेताना तुझी जीभ जड झाली. आणि नाव गाळून थांबली नाहीस, माझं काम स्वतःचं म्हणून सांगितलंस. ओतशाळेचा मालकसुद्धा माझा पॅटर्न "आमचा" म्हणतो, "मी केला" म्हणत नाही.

माझी वस्तू परत पाठव. तू केलीस ना? मग तुला दुसरी करता येईल.

रु. शि. हुक्केरी


बेंगळूर
१४ मे १९७४

ती. आण्णांना शरणु.

मामांनी सांगितलं ते खरं आहे. त्यांनी विचारलं आणि मी "मी" म्हणाले. वचन मोडलं. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

कंस पाठवता येणार नाही. हरवला.

जूनपासून मी गदगच्या पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायला जाणार आहे. पत्ता मामांकडे ठेवते. विमानाच्या जागांसाठी पुन्हा अर्ज करणार नाही.

वैनींना आणि तुम्हाला नमस्कार.

गिरिजा


कोल्हापूर
३ नोव्हेंबर १९७४

चि. गिरिजा,

मे महिन्यानंतर मी तुला लिहिलं नाही. तू वैनीच्या नावानं राखीला पाठवलेलं पाकीट मी तिला वाचून दाखवलं नाही. तिला वाचता येत नाही हे ठाऊक असून. ते अजून पिठाच्या डब्याखाली आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुला माझी दया येऊ नये.

दिवाळीच्या साफसफाईत तुझ्या वैनीनं तुझा पदवीच्या झग्यातला फोटो काढला आणि म्हणाली, "ह्येला चौकट करा." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुमचं भांडान तिच्याशी हाय, फोटूशी न्हाय." आणि चूल पेटवली नाही. मग चौकट केली. सागवानी, उंची बरोबर एक फूट, कोपऱ्यांना पंचेचाळीसचा कोन. बाळासोकडे माप सांगितलं आणि काच कापून आणली. घरी बसवली तर हलते. खालून धरली की वरून फट.

मी तशीच चौकट घेऊन दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "बाळासो, डोळ्याला चष्मा लाव. काच लहान कापलीस."

तो म्हणाला, "आण्णा, काच लहान न्हाय, चौकट मोठी हाय."

"माझी चौकट मोठी?"

"मग मोजा की. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

मी खिशातून पट्टी काढली आणि मोजली. बरोबर फूट. त्यानं गल्ल्याखालची त्याची पट्टी काढली आणि मोजली. फुटाला सूतभर जास्त. मी म्हणालो, तुझी पट्टी झिजली. मग त्यानं दोन्ही पट्ट्या काचेवर शेजारी ठेवल्या आणि शून्याला शून्य जुळवलं. त्याचा फूट संपला तिथं माझा अजून संपायचा होता.

"आण्णा, ही कसली लांबडी पट्टी म्हणायची?" बाळासो म्हणाला, आणि गिऱ्हाइकं हसली. त्याला माहीत नव्हतं. बिचाऱ्यानं थट्टा केली.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यानं पाणी आणलं, ते मी शेजारी ठेवलं.

माझी सरळ, खऱ्या मापाची पट्टी तू सांगलीला गेलीस तेव्हा तुझ्या पेटीत गेली. नंतर मला दुसरी लागलीच नाही. मी आजवर जे केलं ते सगळं ओतायला गेलं, लोखंडाचं झालं आणि आपोआप मापात आलं. माझ्या हाताला लाकूड लाकूडच राहतं हे ठाऊकच नाही. तुझा कंस ओतायचा नव्हता. तो लाकडाचाच तुळईवर बसायचा होता. फुटाला एक सूत. एका टोकाचे बोल्ट गेले असतील, दुसऱ्या टोकाचे जाणं शक्य नाही.

बसला नाही ना?

तू "मी" का म्हणालीस, ते पायरीवरून उठेपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं. तरी तू लिही. अंदाजावर मी काम करत नाही. आणि "माझा भाऊ पॅटर्न करतो, त्याची पट्टी वाढीव असते", एवढं एक वाक्य तू का बोलली नाहीस? त्यातल्या एका तरी माणसाला ते समजलं असतं. तुझं ड्रॉइंग बरोबर होतं, गिरिजा. तू सुटली असतीस.

मी केंद्राला पत्र लिहितो. इंग्रजी कच्चं आहे, पण मजकूर खरा आहे.

आण्णा


गदग
१२ नोव्हेंबर १९७४

आण्णा,

केंद्राला लिहू नका. तो मुंबईचा मुलगा केव्हाच रुजू झाला. चांगला आहे म्हणतात.

तुम्हाला अंदाज नको, म्हणून झालं तसं लिहिते.

तुळईचा तुकडा आत टेबलावर होता. पेटी मी बाहेर उघडली, कंस हातात घेतला आणि इतका आनंद झाला की मोजायचं मनातही आलं नाही. खरं तर आपल्या घरात तुमच्या कामाला कुणी कधी पट्टी लावली आहे? वीस मिनिटं छान गेली. मंगळूरच्या मुलीचा तो वजनाचा प्रश्नसुद्धा आला आणि या वेळी उत्तर सुचलं. मग मी म्हणाले, "आता हा बसवून दाखवते." डाव्या टोकाचे बोल्ट गेले. उजव्या टोकाचे गेले नाहीत. मी उलटा करून पाहिला. माझ्या हाताचा घाम लाकडाला लागला, बाकी काही झालं नाही.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. वृद्ध गृहस्थांनी कंस मागितला. पॉलिशवरून बोट फिरवलं, कौतुक केलं. मग विचारलं, कुणी केला? आण्णा, तुम्ही सांगितलेलाच प्रश्न, तुम्ही सांगितला तसाच. आणि तुमचं नाव माझ्या ओठावर होतं, पूर्ण, कोल्हापूरसकट.

तेवढ्यात दुसरे एक म्हणाले, "ज्यानं केला त्याला फूटपट्टी वाचता येत नाही." ते हसून म्हणाले; माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर मी ते नाव त्या खोलीत कसं घेणार होते? त्यांच्या लेखी रुद्राप्पा हुक्केरी म्हणजे तो एक सूत, बाकी काही नाही. तुम्ही म्हणता ते वाक्य मलाही सुचलं होतं. पण तुमचं नाव मी खुलासा म्हणून घेणार नव्हते. मी म्हणाले, मी. त्यांना खरं वाटलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले, मी. मग त्यांनी विचारलं, मापं कशानं घेतलीस? मी पिशवीतून तुमची सरळ पट्टी काढून दिली. त्यांनी तीच लावून मला चूक दाखवली. तेव्हा कंसाचं एक टोक माझ्या हातात होतं. तळाची तुमची अक्षरं मी अंगठ्याखाली झाकून धरली होती.

मामा चहा घेऊन आले ते कुणी केला हे विचारणं चालू असतानाच; पट्टी निघायच्या आत ते बाहेर गेले होते.

फेब्रुवारीच्या पत्रात मी एक ओळ काळी केली होती. तुम्ही रागावला होता, खाडाखोड म्हणून. ती ओळ अशी होती: "आण्णा, हा ओतायचा नाही, तेव्हा सरळ पट्टीनं करा हं." लिहिली, आणि वाटलं, त्याच पत्रात कान धरला आहे आणि लगेच पुन्हा शिकवते. खोडली. इंजिनियर मी होते. ती ओळ ठेवणं हेच माझं काम होतं. त्यांनी मला नाकारलं ते चुकीचं नव्हतं, आण्णा. चुकीमागचं खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

कंस हरवलेला नाही. तुमच्या हाती लागला असता तर तुम्ही मोजला असता, म्हणून तसं लिहिलं. आता मोजून झालंच आहे, तेव्हा पार्सलनं पाठवते. तुळईचा तुकडा मात्र वर्कशॉपवाल्यांनी पावसाळ्यात भंगारात दिला.

इथं मुलं बरी आहेत. पुन्हा अर्ज करा असं लिहू नका. जेव्हा बोल्ट हातात घेते तेव्हा ती खुर्ची सरकलेली ऐकू येते.

पिठाच्या डब्याखालचं पाकीट उघडा. त्यात फक्त राखी आहे.

गिरिजा


कोल्हापूर
२२ डिसेंबर १९७४

चि. गिरिजा,

राखी बांधली. वैनीनं बांधली, तुझ्या वतीनं. अजून हातात आहे. लोक विचारतात, मी सांगत नाही.

पार्सल मिळालं. कंस मी बाळासोच्या पट्टीनं मोजला. सगळीकडे सारखा वाढलेला आहे, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. चूकसुद्धा मी एकसारखी केली. पहिल्यांदा तो चुलीत घालायला निघालो होतो. तुझ्या वैनीनं हातातून घेतला आणि म्हणाली, "पोरीनं अंगठा ठेवून जपला, आनि तुम्ही जाळताय व्हय?"

मग मी तो ओतशाळेत नेला. गुंडू मोल्डरनं विचारलं, "कुठल्या इंजिनाचा पार्ट?" मी म्हटलं, "इमानाचा." तो हसला नाही. त्यानं वाळू बारीक चाळून घेतली, साचा केला, आणि संध्याकाळच्या भट्टीतलं पहिलं बीड त्यात ओतलं. गार होईपर्यंत मी तिथंच बसलो. घाई करून काढलं की तडा जातो.

तो सोबतच्या पेटीत आहे. बिडाचा आहे. विमानात असला कंस कुणी लावणार नाही, लावलाच तर विमान उठणार नाही. तू निम्मं केलेलं वजन मी कित्येक पटींनी वाढवून ठेवलं. बसवून बघायला ती तुळईही आता उरलेली नाही. हे सगळं मला समजतं. तरी पाठवतो.

एवढी बारीक अक्षरं वाळूत उठत नाहीत, पण उठली आहेत. भोकं ओतताना बुजली होती, त्यांच्या खळग्यांवर मी स्वतः ड्रिल लावलं.

तू त्या खोलीत "मी" म्हणालीस. मे महिन्यात मी तुला जे लिहिलं ते परत घेता येत नाही, शाईनं लिहिलं होतं. तू ते पत्र फाडून टाक. ही विनंती आहे.

गार झाल्यावर हा आकसला असणार. टोकाच्या भोकांमधलं अंतर आता बरोबर एक फूट असायला हवं. मी इथं मोजलं आहे, आकडा लिहीत नाही. तुझ्याकडच्या सरळ पट्टीनं तूच मोज. माझ्यावर विसंबू नकोस.

एक फूट निघालं तर कळव. नाही निघालं तर आधी कळव. ओळ खोडू नकोस.

आण्णा